तेरा चित्रांचा एक सेकंद

वहीच्या कोपऱ्यांवर थोडी थोडी बदलत जाणारी चित्रे काढून पाने भराभर सोडली, की चित्र हलते. हीच गंमत कागद, स्कॅनर आणि संगणक वापरून केली, की छोटी चित्रफीत तयार होते. वर्गातील पहिल्या प्रयोगासाठी पडणारा चेंडू हा विषय सर्वांत सोयीचा.

चित्रे हलल्यासारखी का वाटतात? ‘दृष्टिसातत्य’ हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. डोळ्यांत प्रतिमा नुसत्याच रेंगाळल्या असत्या, तर त्या एकमेकींत मिसळून गिचमीड दिसली असती. मॅक्स वर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये आभासी गतीवरील प्रयोग प्रसिद्ध केले. जवळच्या दोन जागी लागोपाठ दिसलेल्या वस्तूंमधील गती मेंदू स्वतःच जुळवतो.

चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. पण प्रत्येक चित्र दोन चौकटी दाखवले, तर सेकंदाला १२ चित्रे पुरतात. म्हणजे दोन चित्रांमधील काळ १/१२ सेकंद.

आता चेंडू काढायचा. मुले बहुधा चेंडूच्या जागा सारख्या अंतरावर घेतात. मग पडद्यावर तो पडत नाही. कोणी दोरीने सावकाश खाली सोडल्यासारखा दिसतो. चूक कोठे झाली हे त्यांनाच शोधू द्यावे. मुक्तपणे पडणारी वस्तू समान कालखंडांत १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतरे कापते. १/१२ सेकंदात चेंडू सुमारे ३.४ सेंटिमीटर पडतो, तर अर्ध्या सेकंदात सुमारे १२२ सेंटिमीटर. कागदावर हे दहापट लहान करून घ्यावे. वरच्या टोकापासून चेंडूच्या जागा अशा येतील: ०, ०.३, १.४, ३.१, ५.४, ८.५ आणि १२.२ सेंटिमीटर.

जमिनीवर आपटून तो एक चतुर्थांश उंचीपर्यंत उसळला असे मानू. त्याची जमिनीपासूनची उंची क्रमाने १.७, २.७, ३.१, २.७, १.७ आणि ० सेंटिमीटर होईल. एकूण तेरा चित्रे. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत बरोबर एक सेकंद.

स्कॅन करताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, कागदांची जागा. इंचाला २०० बिंदू या प्रमाणात स्कॅन केले, तर कागद १ मिलिमीटर सरकल्याने चित्र सुमारे ८ बिंदू सरकते आणि पडद्यावर सारे थरथरते. म्हणून चित्रे काढण्यापूर्वीच सर्व कागदांना पंचने एकाच जागी भोके पाडावीत. जाड पुठ्ठ्याच्या पट्टीवर भोकांत घट्ट बसतील अशा दोन बुटक्या खुंट्या बसवाव्यात. चित्रे काढताना कागद या पट्टीवर अडकवावेत आणि पुढे तीच पट्टी स्कॅनरच्या काचेच्या कडेला चिकटवावी. दुसरी, उजेड. स्कॅनरची उजेड आपोआप दुरुस्त करण्याची सोय बंद ठेवावी. नाहीतर प्रत्येक चित्राची पार्श्वभूमी वेगळी येऊन चित्रफीत लुकलुकते.

फायलींना ००१, ००२ असे क्रमांक द्यावेत. त्या जोडण्यासाठी ओपनटून्झ किंवा क्रिटा या विनामूल्य प्रणाली चालतात. रेषा किंचित वाकड्या आल्या तरी चालेल. हाताच्या रेषेची ती सजीव थरथर चित्रफितीत शोभूनच दिसते.

शेवटी एक प्रश्न वर्गाला द्यावा. चंद्रावरचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश आहे. तेथे हाच चेंडू याच उंचीवरून खाली यायला किती चित्रे लागतील? आधी गणित करावे, मग चित्रे काढावीत आणि दोन्ही चेंडू शेजारी शेजारी पाडून पाहावेत.