‘लॉक अँड एडिट’चं दशक

डिसेंबर २०२४ मध्ये ओरॅकलने वेबलॉजिक सर्व्हरची १४.१.२ ही आवृत्ती आणली आणि तिच्यातून ॲडमिन कन्सोल काढून टाकला. ब्राउझरमध्ये मशीनचं नाव, ७००१ हा पोर्ट आणि पुढे ‘कन्सोल’ एवढं टाइप केलं की जे पान उघडायचं, ते या आवृत्तीत उघडत नाही. त्याच्या जागी ‘रिमोट कन्सोल’ आहे. तो वाईट नाही, काम होतं. तरीही हिंजवडीत रात्रपाळ्या करत ज्यांनी या एका पानासमोर उमेदीची वर्षं घालवली, त्यांना ही बातमी लागली. मी त्यांतलाच एक. कन्सोल गेला याचं दुःख आहेच, पण त्याच्यासोबत काम करण्याची जी रीत चालली आहे, तिच्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो. बँकेचं किंवा विमा कंपनीचं ॲप्लिकेशन एका सर्व्हरवर चालवत नाहीत. चार, आठ, सोळा सर्व्हरचा क्लस्टर करतात आणि पुढे लोड बॅलन्सर बसवतात. एक सर्व्हर पडला तर बाकीचे काम उचलतात. अट एकच, हे सगळे सर्व्हर तंतोतंत सारखे हवेत. डेटाबेसकडे किती कनेक्शन ठेवायची, किती सेकंद थांबायचं, कुठल्या रांगेतून संदेश उचलायचे, सगळं सारखं. चारांपैकी एकावर टाइमआउट वेगळा राहिला तर दर चौथ्या ग्राहकाला एरर येते. त्याने पुन्हा प्रयत्न केला की तो दुसऱ्या सर्व्हरवर जातो आणि काम होतं. मग ब्रिज कॉलवर कोणी म्हणतं, ‘आमच्याकडे तर चालतंय.’ बंद पडलेला सर्व्हर लगेच सापडतो. थोडासा वेगळा असलेला सर्व्हर रात्र खातो.

सुरुवातीच्या वर्षांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. बीईए सिस्टिम्सने १९९८ मध्ये वेबलॉजिक विकत घेतलं, १९९९ च्या अखेरीस जे-टू-ईई आलं आणि सगळ्यांनी ॲप्लिकेशन सर्व्हर घ्यायला सुरुवात केली. टॉमकॅटवाले प्रत्येक मशीनवर जाऊन ‘सर्व्हर डॉट एक्सएमएल’ हाताने बदलत. जेबॉसमध्ये ‘फार्म’ नावाचा फोल्डर होता. त्यात ॲप्लिकेशनची फाइल टाकली की ती क्लस्टरमधल्या इतर सर्व्हरवर आपोआप पोचायची, पण सर्व्हरची स्वतःची मांडणी ज्याची त्याने सांभाळायची. वेबलॉजिक ८.१ मध्ये ॲडमिन सर्व्हरकडे पूर्ण डोमेनची, म्हणजे एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या सगळ्या सर्व्हरची, एक ‘कॉन्फिग डॉट एक्सएमएल’ असे, हे चांगलं होतं. मात्र कन्सोलवर ‘अप्लाय’ दाबलं की बदल तिथल्या तिथे लागू. दोन माणसं एकाच वेळी दोन पानांवर असली तर कोणाचं काय राहील याचा भरवसा नसे. सर्व्हर नीट सुरू झाला की त्या फाइलची ‘बूटेड’ नावाची प्रत बाजूला ठेवली जाई. अडचणीत तिचाच आधार.

मग २००५ मध्ये वेबलॉजिक ९ आलं, आणि इथे मला थांबायचं आहे.

कन्सोलच्या डाव्या बाजूला वर ‘चेंज सेंटर’ नावाचा छोटा चौकोन आला. त्यात ‘लॉक अँड एडिट’ हे बटण. ते दाबल्याशिवाय काहीही बदलता यायचं नाही, आणि तुम्ही दाबलं की दुसऱ्याला बदलता यायचं नाही. तुम्ही केलेले बदल ‘पेंडिंग’ फोल्डरमध्ये साठत. सगळं पाहून, तपासून ‘ॲक्टिव्हेट चेंजेस’ दाबायचं. मग ॲडमिन सर्व्हर आपल्या हाताखालच्या, त्या वेळी चालू असलेल्या प्रत्येक मॅनेज्ड सर्व्हरला विचारायचा, हा बदल तुला घेता येईल का? एकानेही नकार दिला तर कुणावरच लागू नाही. सगळ्यांनी होकार दिला तरच सगळ्यांवर. जो सर्व्हर त्या वेळी बंद असेल, तो नंतर उठताना ॲडमिन सर्व्हरकडून नवी मांडणी घ्यायचा. उलट ॲडमिन सर्व्हरच बंद असेल तर मॅनेज्ड सर्व्हर आपल्याजवळच्या प्रतीवर सुरू व्हायचा, ग्राहकाचं काम अडायचं नाही. डेटाबेसच्या व्यवहारात जी शिस्त असते तीच मांडणीच्या बदलांना लावली होती. ज्यांनी हे रचलं त्यांनी प्रॉडक्शन जवळून पाहिलं होतं, यात मला शंका नाही.

आयबीएमच्या वेबस्फिअरमध्येही सत्याची एक जागा होती. डिप्लॉयमेंट मॅनेजरकडे मूळ प्रती आणि प्रत्येक नोडवर नोड एजंट. फरक असा की तिथे ‘सेव्ह’ आणि ‘सिंक्रोनाइझ’ या दोन गोष्टी वेगळ्या. बदल मूळ प्रतीत पोचलेला, पण एका नोडचा एजंट झोपलेला, असं व्हायचं आणि तो नोड जुन्याच मांडणीवर चालत राहायचा. जेबॉसला डोमेन मोड मिळायला २०११ मधली सातवी आवृत्ती यावी लागली. या दोन्हींवर जीव टाकणारी माणसं मला ठाऊक आहेत, त्यांनी रागावू नये. पण सगळ्यांना एकदम किंवा कुणालाच नाही, हा करार वेबलॉजिकइतका स्पष्ट मी दुसरीकडे पाहिला नाही.

वेबलॉजिक ९ सोबतच डब्ल्यूएलएसटी आलं. जायथॉनमध्ये स्क्रिप्ट लिहायची. जोडा, एडिट सुरू करा, किंमत बदला, सेव्ह, ॲक्टिव्हेट. शनिवारी मध्यरात्रीनंतर परदेशी ग्राहकाची चेंज विंडो उघडायची, तेव्हा आमच्यातली जाणती मंडळी स्क्रिप्ट तयार ठेवून बसत. ती आधी टेस्टवर, मग प्री-प्रॉडक्शनवर चाललेली असे. पण ऑडिटला स्क्रिप्ट नको असायची, स्क्रीनशॉट हवे असायचे! प्रत्येक क्लिकचं चित्र काढून वर्ड फाइलमध्ये चिकटवायचं, तरच ‘एव्हिडन्स’. या एका आग्रहापायी कितीतरी टीममध्ये हुशार पोरं स्क्रिप्ट सोडून क्लिक करत राहिली, आणि ‘यांना बटणंच दाबता येतात’ असा शेरा वर ऐकून घेत राहिली. हे तेव्हाही चूक होतं आणि आजही ते मला सलतं. त्याच ऑडिटला हे मात्र चालायचं की अख्खी टीम ‘वेबलॉजिक’ या एकाच युजरने लॉगिन करते. मग बदल कुणी केला या नोंदीला अर्थ काय उरतो?

दुसरा हिशेब डोमेनबाहेरच्या गोष्टींचा. कन्सोलला जे दिसायचं ते सारखं राहायचं. पण ‘सेट-डोमेन-एन्व्ह’ ही सुरुवातीची स्क्रिप्ट प्रत्येक मशीनवर वेगळी फाइल असे. जावाची आवृत्ती, कीस्टोअर, होस्ट्स फाइल, एका प्रोसेसने किती फाइल उघडायच्या याची मर्यादा, हे सगळं कराराच्या बाहेर. रात्री दोनला कुणीतरी मेमरी वाढवायला एका मशीनवर स्क्रिप्ट बदलायचा, सेव्हेरिटी वन मिटायचा, मॅनेजर ‘ग्रेट जॉब’चा मेल टाकायचा आणि उरलेल्या तीन मशीनचं कुणालाच आठवायचं नाही. दुसऱ्या दिवशी बदल सगळीकडे नेणाऱ्याला मेल आलेला मी पाहिला नाही. पपेट २००५ मध्येच आलं होतं, नंतर शेफ, मग २०१२ मध्ये ॲन्सिबल. मशीनची मांडणी सारखी ठेवायची साधनं होती. पण ती ‘इन्फ्रा’ टीमची, वेबलॉजिक ‘मिडलवेअर’चं, आणि दोघांच्या मधलं कुणाचंच नाही, अशी वाटणी बहुतेक ठिकाणी होती.

एक मशीन राहून गेलं तर काय होतं, हे १ ऑगस्ट २०१२ ला न्यूयॉर्कच्या शेअरबाजाराने पाहिलं. नाइट कॅपिटल या कंपनीने ऑर्डर पाठवणारी नवी प्रणाली आठ सर्व्हरवर टाकायची होती. ती सातांवर गेली, आठवा राहिला. नव्या प्रणालीने जो फ्लॅग वापरला होता, तो आठव्या सर्व्हरवर ‘पॉवर पेग’ नावाचं कधीच निवृत्त केलेलं जुनं काम जागं करायचा. बाजार उघडायच्या आधी ९७ इशारा-मेल आल्या, त्यांत ‘पॉवर पेग’चं नाव होतं, कुणी हालचाल केली नाही. २१२ ग्राहक-ऑर्डरींपायी सुमारे ४५ मिनिटांत १५४ शेअर्समध्ये ४० लाखांहून जास्त सौदे झाले आणि तोटा ४६ कोटी डॉलरपेक्षा अधिक. गोंधळात त्यांनी सात चांगल्या सर्व्हरवरचा नवा कोड काढून टाकला, त्यामुळे आग आणखी पसरली. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनच्या २०१३ च्या आदेशात हे सगळं नोंदलेलं आहे. हे ॲप्लिकेशन सर्व्हरचं उदाहरण नव्हे, पण आजार तोच. आठांना एकदम विचारणारं कुणी नव्हतं, आणि टाकलेलं काम दुसऱ्या माणसाने तपासावं असा नियमही तिथे नव्हता.

२०१५ नंतरची वर्षं मी भराभर ओलांडतो. ओरॅकलने २००८ मध्ये बीईए घेतलं होतं. २०१५ च्या १२.२.१ आवृत्तीत त्यांनी एकाच डोमेनचे अनेक भाग करणारी मल्टिटेनन्सी गाजावाजा करून आणली, आणि पुढच्या मोठ्या आवृत्तीत, २०२० मध्ये, काढून टाकली. ज्यांनी ती मनापासून शिकली त्यांची मेहनत वाया गेली. २०२० च्याच ऑक्टोबरमध्ये ॲडमिन कन्सोलमध्ये असा दोष सापडला की पासवर्डशिवाय, नुसत्या पत्त्याच्या खेळाने, सर्व्हर ताब्यात घेता यायचा. इंटरनेटवर उघडे ठेवलेले कन्सोल लगोलग हल्ल्याखाली आले. प्रॉडक्शन सर्व्हरच्या पोटात असं पान ठेवणं धोक्याचं होतं, हे मला मान्य आहे.

आता सगळं क्युबरनेटिसवर. मांडणी गिटमध्ये, यॅमल फाइलमध्ये. कोणी, केव्हा, का बदललं याची नोंद माणसाच्या नावानिशी. स्क्रीनशॉटची गरज उरली नाही. याचं मला मनापासून कौतुक आहे. पण नवी मुलं ठामपणे म्हणतात की ड्रिफ्ट, म्हणजे सर्व्हरची मांडणी एकमेकांपासून वेगळी होत जाणं, आता इतिहासजमा झाला, तेव्हा मला बोलावं लागतं. कॉन्फिगमॅपमधली, म्हणजे क्युबरनेटिस मांडणी जिथे ठेवतं तिथली, किंमत एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून दिली असेल तर ती चालू पॉडमध्ये, म्हणजे ॲप्लिकेशनच्या चालत्या प्रतीत, बदलत नाही. पॉड नव्याने सुरू झाला तरच नवी किंमत. म्हणजे कॉन्फिगमॅप बदलून रोलआउट केला नाही, आणि रात्री सहांपैकी दोन पॉड आपसूक मरून पुन्हा उठले, तर दोन नव्या किमतीवर आणि चार जुन्या. तीच किंमत फाइल म्हणून माउंट केली असेल तर ती प्रत्येक पॉडमध्ये आपापल्या वेळी, थोड्या उशिराने पोचते. ‘सबपाथ’ने माउंट केली असेल तर पोचतच नाही. ‘सगळ्यांना चालेल का?’ असं इथे कुणी कुणाला विचारत नाही. गिट सांगतं काय असायला हवं. चालत्या प्रोसेसच्या पोटात आत्ता काय आहे, ते गिटला माहीत नसतं.

उपाय आहेत. कॉन्फिगमॅप अपरिवर्तनीय करून दर बदलाला नवं नाव द्यावं, म्हणजे रोलआउट टाळताच येत नाही. खुद्द वेबलॉजिकही आता ऑपरेटरच्या मदतीने क्युबरनेटिसवर चालतं आणि त्याचं डोमेन यॅमलमध्ये लिहिता येतं. साधनांची उणीव नाही. उणीव आहे ती चालता सर्व्हर उघडून पाहण्याच्या सवयीची, आणि ती सवय आम्हाला त्या जुन्या पानाने लावली होती. एका तक्त्यात सगळे सर्व्हर ओळीने दिसायचे. कोण रनिंग, कोण ॲडमिन अवस्थेत अडकलेला, कुणाला बदलानंतर रीस्टार्ट हवा, हे नजरेसमोर असायचं.

म्हणून या क्षेत्रात आत्ता काम करणाऱ्या मुलामुलींना माझी एक विनंती आहे. पुढचा बदल प्रॉडक्शनला नेला की पाइपलाइन हिरवी झाली म्हणून लॅपटॉप मिटू नका. प्रत्येक चालत्या पॉडकडून त्याची प्रत्यक्षातली किंमत काढून घ्या, सगळ्या शेजारी शेजारी ठेवा आणि जुळल्या तरच तिकीट बंद करा.