मातृभाषेच्या भांडवलावर

कोणी वैद्यक शिकून परदेशीं जातो, कोणी यंत्रविद्या शिकून जातो. परंतु आपली मातृभाषा बोलतां येते एवढ्याच भांडवलावर परक्या देशांत चाकरी मिळावी, हें प्रथम ऐकणारास विलक्षण वाटेल. इंग्रजीच्या बाबतींत मात्र ही गोष्ट नित्याची झाली आहे. दरवर्षीं अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इत्यादि देशांतील पदवीधर तरुण-तरुणी इंग्रजी शिकविण्यासाठीं जपान व दक्षिण कोरिया येथें जातात. त्यांपैकीं पुष्कळांनीं पूर्वीं कधीं वर्गांत पाऊलहि टाकलेलें नसतें.

ह्या प्रथेचीं मुळें जुनीं आहेत. मेजी राजवटींत पाश्चात्त्य विद्या त्वरेनें आत्मसात करण्यासाठीं जपान सरकारनें परदेशी तज्ज्ञ मोठ्या वेतनावर बोलाविले. लाफ्काडिओ हर्न हा लेखक सन १८९० मध्यें मात्सुए येथें इंग्रजीचा शिक्षक झाला आणि १८९६ पासून तोक्योच्या इंपीरियल विद्यापीठांत इंग्रजी वाङ्मय शिकवूं लागला. १९०३ मध्यें त्याच्या जागीं नात्सुमे सोसेकी आला. हा पुढें कादंबरीकार म्हणून विख्यात झाला. सरकारी खर्चानें लंडनला राहून तो नुकताच परतला होता. परकीयाकडून शिकावें, आणि शिकून झाल्यावर ती जागा स्वकीयानें घ्यावी, असा त्या काळचा हिशेब होता.

पुढें हा हिशेब पालटला. सन १९८७ मध्यें जपाननें ‘जेट’ या नांवाची योजना सुरू केली, तेव्हां पहिल्या वर्षीं चार देशांतून ८४८ जण आले. त्यांतील बहुतेकांचें काम साहाय्यक शिक्षकाचें असतें. वर्गाची जबाबदारी जपानी शिक्षकाकडे. साहाय्यकानें उच्चार ऐकवावेत, संभाषण करावें, मुलांची भीड मोडावी. करार एका वर्षाचा, व तो फार तर पांच वर्षांपर्यंत वाढतो. पदवी लागते, पण ती कोणत्याहि विषयांतील चालते.

कोरियांत सरकारी शाळांसाठीं अशीच योजना १९९५ मध्यें निघाली. त्याखेरीज ‘हागवॉन’ म्हणून ओळखले जाणारे खाजगी शिकवणीवर्ग तेथें गल्लोगल्लीं आहेत. इंग्रजी शिकविण्याचा व्हिसा साधारणतः सातच देशांच्या नागरिकांस मिळतो : अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका. पुष्कळदां राहण्याची खोलीहि मालकच देतो, आणि व्हिसा त्याच्या नोकरीशीं बांधलेला असतो. त्यामुळें नोकरी सुटली कीं छप्पर व राहण्याची मुभा, दोन्ही एकदमच धोक्यांत येतात. म्हणून जाणाऱ्यानें पगाराच्या आंकड्याइतकेंच कराराच्या प्रत्येक कलमाकडे लक्ष देणें अगत्याचें आहे.

आतां मूळ प्रश्न असा, कीं ज्याची जी मातृभाषा तोच तिचा उत्तम शिक्षक, हें खरें काय? सन १९६१ मध्यें युगांडांतील माकेरेरे येथें भरलेल्या परिषदेनें हें तत्त्व जवळजवळ गृहीत धरलें. रॉबर्ट फिलिप्सन या भाषापंडितानें १९९२ मध्यें त्यास भ्रामक समजूत ठरविलें. कारण उघड आहे. ‘मी पुस्तक वाचतो’ पण ‘मला पुस्तक आवडतें’, असें कां, म्हणून कोणा परकीयानें विचारलें, तर अस्सल पुणेकरहि क्षणभर थबकेल. काय बरोबर हें त्याला ठाऊक असतें. कां बरोबर, हा प्रश्नच त्याला कधीं पडलेला नसतो. इंग्रजींत नामाआड ‘ए’ किंवा ‘द’ केव्हां घालावा, हें लंडनच्या मुलास न शिकतां येतें. जपानी, कोरियन किंवा मराठी माणसास तें कष्टानें शिकावें लागतें, कारण या भाषांत तसे शब्दच नाहींत. वाट जो अडखळत चालला, त्यालाच खांचखळगे नेमके माहीत असतात. उच्चार व सहज संभाषण यांत जन्मभाषिकाचा लाभ मोठा आहे, हें नाकारण्याचें कारण नाहीं; परंतु तो शिक्षणाचा एक भाग झाला.

या प्रश्नाशीं भारताचाहि संबंध आहे. भारत व कोरिया यांच्यामध्यें झालेला आर्थिक करार १ जानेवारी २०१० पासून अंमलांत आला. त्यान्वयें भारतीय पदवीधरांस कोरियन शाळांत इंग्रजीचे साहाय्यक शिक्षक म्हणून जाण्याचा मार्ग खुला झाला. मात्र त्यांना पदवीबरोबर अध्यापनाची अर्हताहि दाखवावी लागते. एकाचें पारपत्र पुरेसें, दुसऱ्यानें विद्या सिद्ध करावयाची, हा भेद डोळ्यांत भरण्यासारखा आहे. यांत जशी शिक्षकाची मानहानि आहे, तशीच विद्यार्थ्याची हानीहि आहे. आईबाप फी भरतात ती मुलास भाषा यावी म्हणून; समोर उभा राहणारा कोठें जन्मला, यापेक्षां मुलाची चूक त्याला कळते कीं नाहीं आणि ती दुरुस्त करतां येते कीं नाहीं, हें त्यांनीं आधीं पाहावें.