पुणे ते नागपूर : विमानाचा सव्वा तास आणि नरसिंहपूरचा हिशेब

अशोक विजयादशमी जवळ आली की वस्तीवस्तीत नागपूरच्या प्रवासाची बोलणी सुरू होतात. अलीकडे त्यात नवा सूर आला आहे. पुण्यात कंपनीत लागलेला मुलगा म्हणतो, "आई, यंदा गाडीचे हाल नकोत. विमानाने सव्वा तासात नागपूर!"

मुलाचे खोटे नाही. पुण्याचे लोहगाव आणि नागपूरचे सोनेगाव या दोन विमानतळांतले सरळ अंतर सुमारे 605 किलोमीटर. ताशी आठशेच्या वेगाने ते पाऊण तासाचे. पण वर चढणे, खाली उतरणे, धावपट्टीवर रांगेत थांबणे धरून सव्वा ते दीड तास जातो. रेल्वेचा मार्ग दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असा वळसा घेतो, तो 881 किलोमीटर. ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालेल्या वंदे भारत गाडीला त्यासाठी 12 तास दिले आहेत.

पण आपण लोहगावात राहत नाही. नकाशावर फूटपट्टी ठेवून पाहा. नीरा-भीमेच्या संगमावरच्या नरसिंहपूरहून नागपूर सरळ रेषेत जेमतेम 540 किलोमीटर, म्हणजे पुण्यापेक्षा जवळच! विमानासाठी आपण आधी पश्चिमेला, नागपूरकडे पाठ करून, दीडशेहून अधिक किलोमीटर जातो आणि मग आकाशातून पुन्हा पूर्वेकडे येतो. इंदापूरला गाडी बदलून पुणे गाठायला चार तास, शहरातून लोहगाव एक तास, विमानतळावर दोन तास आधी हजेरी, मग उड्डाण आणि शेवटी दीक्षाभूमीपर्यंतची रिक्षा. बेरीज नऊ तासांवर जाते. दौंडला रेल्वे धरणाऱ्याला चौदा-पंधरा तास लागतात. वाचतात ते पाच-सहा तास. त्यासाठी दसऱ्याच्या तोंडावर चढलेले भाडे चौघांनी भरावे का? धडधाकट माणसांनी भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रोजंदारी बुडते ती वेगळीच.

म्हाताऱ्या, आजारी माणसांचा हिशेब मात्र निराळा. 1956 साली लाखो लोक रेल्वेने, बैलगाडीने, पायी नागपूरला आले. पण प्रकृती खालावलेले बाबासाहेब 11 ऑक्टोबरला दिल्लीहून विमानानेच आले होते. आज त्या विमानतळाला त्यांचेच नाव आहे. गुडघे धरलेल्या आजीला रात्रभर डब्यात बसवण्यापेक्षा वर्षभर थोडे थोडे साठवून तिचे आणि सोबत एकाचे तिकीट दोन-तीन महिने आधी काढावे. तेव्हाच चाकांची खुर्ची मागून घ्यावी. ओळखपत्रावरचे नाव आणि तिकिटावरचे नाव अक्षरशः जुळवून पाहावे. आपल्याकडे आधारकार्डावर एक आणि घरात दुसरेच नाव असते!

आणि परतीचे विमान रात्रीचे घेऊ नये. लोहगावला उतरल्यावर इंदापूरपर्यंत गाडी मिळेलही, पण पुढे नरसिंहपूरला आजीला कोण नेणार?