उंचवट्यांवरचे गुडघे

मोगल्स खेळणाऱ्या मुलींच्या पँटवर गुडघ्यापाशी वेगळ्या रंगाचा एक तुकडा लावलेला असतो. काळ्या पँटवर पांढरा, निळ्यावर पिवळा, असा लांबूनही डोळ्यांत भरेल असा. पाहणाऱ्याला वाटतं, फॅशन असेल. पण तो तुकडा पंचांसाठी असतो. पांढऱ्याशुभ्र उतारावरून खेळाडू खाली येत असताना तिचे दोन्ही गुडघे जुळून चाललेत की फाकलेत, किती वाकताहेत, हे खाली बसलेल्या पंचांना स्पष्ट दिसायला हवं. त्यावर मार्क असतात.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हडपसरला गाडीतळाजवळ माझं क्लिनिक आहे आणि माझा दिवस गुडघ्यांतच जातो. आषाढीच्या आधी दिवे घाट चढवेल का विचारायला येणाऱ्या आजी, सोलापूर रस्त्यावर गाडीवरून पडलेली पोरं, भरतीसाठी पळताना गुडघा सुजवून बसलेल्या मुली. बर्फ मी टीव्हीवरच जास्त पाहिलाय. तरीही हिवाळी ऑलिंपिक आलं की रात्री जागून मी हा एक खेळ बघतेच, कारण माणसाच्या गुडघ्याकडून काय काय करून घेता येतं हे इतकं उघडपणे दाखवणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

फ्रीस्टाइल स्कीइंग हे मोठं कुटुंब आहे. हवेत कोलांट्या मारायच्या एरियल्स, चौघांनी एकदम सुटायचं स्की क्रॉस, हाफपाइप, स्लोपस्टाइल असे त्यात बरेच प्रकार येतात. मोगल्स त्यातला जुना. मोगल म्हणजे उतारावरचा बर्फाचा उंचवटा. एकाच उतारावर पुष्कळ लोक स्कीइंग करत राहिले की प्रत्येक जण वळताना बर्फ खरवडून बाजूला ढकलतो, पुढचा त्याच जागी वळतो, आणि बघता बघता उतारभर उंचवटे आणि त्यांच्यामध्ये खळगे तयार होतात. गंमत म्हणजे हे उंचवटे हळूहळू चढाच्या दिशेने सरकतात! एका उंचवट्याची खालची बाजू खरवडली जाते आणि तो बर्फ त्याच्या खालच्या उंचवट्याच्या वरच्या अंगाला जाऊन बसतो. माणसं खाली जातात आणि उंचवटे वर. स्पर्धेसाठी मात्र ते यंत्राने आणि फावड्याने मापात घडवतात, साधारण साडेतीन मीटरला एक.

उताराची लांबी २०० ते २७० मीटर, कल सरासरी २८ अंशांच्या आसपास. म्हणजे दोन मीटर पुढे जाताना एक मीटरहून जास्त खाली. वाटेत दोन जंप, एक वरच्या भागात आणि एक खालच्या. चांगली खेळाडू हे सगळं अर्ध्या मिनिटाच्या आत संपवते. हिशेब केला तर सेकंदाला दोनाहून जास्त उंचवटे होतात, आणि प्रत्येक उंचवट्यावर गुडघे छातीकडे यायचे, खळग्यात पुन्हा सरळ व्हायचे.

इथे मी थोडं थांबते, कारण माझा विषय इथेच आहे. सिंहगड चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या उतरल्यामुळे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचं वजन धरून ठेवतो. हे काम त्याला फार जड जातं. मोगल्समध्ये या दोन्ही गोष्टी सेकंदात दोनदा होतात. उंचवटा आला की पाय ढिला सोडून वर येऊ द्यायचा, नाहीतर तो तुम्हाला हवेत उडवतो. उंचवटा संपला की लगेच पाय खाली दाबून स्की बर्फाला चिकटवायची, नाहीतर पुढच्या वळणावर ताबा सुटतो. रंबलरवरून स्कूटर नेताना आपण सीटवरून जरासे उठतो, पाय धक्का घेतात आणि डोकं जागच्या जागी राहतं, तसं हे आहे. फक्त इथे वेग ताशी तीस किलोमीटरच्या वर असतो आणि सीट नसते. स्कीचे बूट कडक कवचाचे असल्यामुळे घोटा जवळजवळ जखडलेला. मग सगळा हिशेब गुडघ्याने आणि कमरेने चुकता करायचा.

चांगली मोगल्सपटू ओळखायची तर तिचं वरचं अंग पाहावं. खांदे उताराकडे सरळ, हात पुढे, काठ्या हलक्याशा टेकवत. कमरेच्या खाली एवढी धुमश्चक्री चाललेली असते आणि वर मात्र सारं स्थिर.

मार्कांची पद्धतही हेच सांगते. १०० पैकी ६० मार्क वळणांना, २० जंपना आणि २० वेगाला. वळणांचे पाच पंच असतात. त्यातला सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकडा बाद करून उरलेल्या तिघांची बेरीज धरतात. पंच बघतात ते असं, की वर पाणी सोडलं असतं तर ज्या रेषेने ते खाली गेलं असतं ती रेषा खेळाडूने धरून ठेवलीय का, वळताना स्कीच्या कडेने बर्फ कापलाय की नुसती घसरत आलीय, गुडघे जुळलेले आहेत का. नुसती सुसाट येणारी इथे जिंकत नाही आणि जपून येणारीही जिंकत नाही. जंपमध्ये उलटी कोलांटी मारायला २००३ च्या सुमारास परवानगी मिळाली. आता मुली तिरक्या अक्षावर दोन फेऱ्या घेणारी ‘कॉर्क ७२०’ मारतात आणि उतरल्या क्षणी पुढच्या उंचवट्यासाठी गुडघे वाकवलेले असतात. श्वास घ्यायलाही तिथे जागा नाही.

या खेळातली मला फार मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की बायकांसाठी वेगळा, सोपा उतार नसतो. तोच उतार, तेच उंचवटे, त्याच दोन जंप. वेगाचे मार्क काढताना धरायची प्रमाणवेळ तेवढी वेगळी. ऑलिंपिकमध्ये १९८८ साली कॅलगरीला मोगल्स प्रात्यक्षिक म्हणून आलं आणि १९९२ साली आल्बेरव्हिलला पदकाचा खेळ झालं, ते पुरुष आणि स्त्रिया दोघांसाठी एकाच वेळी. बॉक्सिंगच्या रिंगणात बायकांना ऑलिंपिकने २०१२ साली घेतलं, हे आठवलं की याचं महत्त्व कळतं.

त्या पहिल्या स्पर्धेत भर हिमवर्षावात अमेरिकेची डॉना वाइनब्रेख्ट सुवर्ण जिंकली. पुढच्याच हंगामात तिचा गुडघा गेला. ती परत आली आणि पुन्हा जिंकत राहिली. १९९८ ला नागानोत जपानच्या ताए सातोयाने सुवर्ण मिळवलं. हिवाळी ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवणारी ती पहिली जपानी स्त्री. तिचीच सहकारी आइको उएमुरा हिच्या पाच ऑलिंपिकचे क्रमांक बघा: सातवी, सहावी, पाचवी, चौथी आणि पुन्हा चौथी. १६ वर्षं एकेक पायरी चढत गेली आणि पदकाला हात लागला नाही. मला ही बाई पदकवाल्यांच्या बरोबरीची वाटते.

पण मी पेशंटना जिच्याविषयी सांगते ती हॅना कियर्नी. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातली. २००५ ला विश्वविजेती झाली, २००६ ला ट्युरिनला सुवर्णाची दावेदार म्हणून गेली आणि पात्रता फेरीत २२वी येऊन बाहेर पडली. २००७ मध्ये तिच्या गुडघ्यातलं एसीएल फाटलं. २०१० ला व्हँकुव्हरमध्ये तिने कॅनडाच्या जेनिफर हाइलला, म्हणजे गतविजेतीला तिच्याच देशात, मागे टाकून सुवर्ण घेतलं. पुढे विश्वचषक मालिकेत ओळीने १६ स्पर्धा जिंकल्या. मग ऑक्टोबर २०१२ मध्ये स्वित्झर्लंडला झरमॅट इथे सराव करताना ती अशी आपटली की बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला भोक पडलं आणि यकृताला चीर गेली. त्याच हिवाळ्यात, मार्च २०१३ मध्ये, नॉर्वेतल्या व्हॉसला ती पुन्हा विश्वविजेती झाली. २०१४ ला सोचीत तिला कांस्य मिळालं. त्या दिवशी कॅनडाच्या ड्युफूर-लापॉइंट घराण्यातल्या तीन बहिणी उतारावर होत्या. जस्टिनला सुवर्ण, क्लोईला रौप्य, थोरली मॅक्सिम बारावी. २०१५ ला कियर्नी थांबली तेव्हा तिच्या नावावर विश्वचषकातले ४६ विजय होते, वाइनब्रेख्टच्या विक्रमाइतकेच.

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी यांना तिरकं बांधून ठेवणारा दोर. पाय जमिनीला रोवलेला असताना वरचं शरीर वळलं, गुडघा आत पडला, की तो तुटतो. पुष्कळदा ‘टक्’ असा आवाज येतो आणि पेशंट तो आवाज कधी विसरत नाही. स्कीइंगमध्ये मागच्या बाजूला तोल गेला की स्कीचं मागचं टोक तरफेसारखं काम करतं आणि गुडघा पिळवटतं. कबड्डीत, फुटबॉलमध्ये, बास्केटबॉलमध्ये स्की नसते, पण पिळवटणं तेच. आणि उडी, वळण, अचानक थांबणं असलेल्या खेळांत मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते. त्याची कारणं एकाहून जास्त आहेत. उडीवरून उतरताना गुडघे आत झुकणं, गुडघा पुरेसा न वाकवता ताठ उतरणं, कमरेच्या बाजूचे आणि मांडीमागचे स्नायू कमी पडणं. यातल्या बऱ्याच गोष्टी शिकवून सुधारता येतात. पण शिकवतो कोण? मुलींना मॅटवर उतरवण्याआधी उडी मारून जमिनीवर कसं यायचं हे धडपणे दाखवलेलं मी फार थोड्या ठिकाणी पाहिलंय.

माझ्याकडे मांजरी गावची एक मुलगी येते. सतरा वर्षांची, कबड्डीत उजवा कोपरा सांभाळते. पकड करायला गेली, पाय अडकला, एसीएल गेलं. ऑपरेशन झालं, मांडीमागच्या स्नायूची दोरी घेऊन नवीन लिगामेंट बसवलं. पहिल्याच दिवशी आई म्हणाली, “मॅडम, चालता-फिरता आलं की झालं. आता खेळबिळ पुरे.” जरा वेळाने हळूच, “पुढं लग्नात काही अडचण नाही ना येणार?” त्याच आठवड्यात एका मुलाचे वडील आले होते. त्याचंही एसीएलच. त्यांचा पहिला प्रश्न होता, “कधी खेळायला लागेल?”

हा फरक मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय आणि मला तो सहन होत नाही. ऑपरेशन सारखं, व्यायाम सारखा, दुखणं सारखं. मुलाचा गुडघा मैदानासाठी बरा करायचा आणि मुलीचा स्वयंपाकघरापुरता.

त्या मुलीला मी कियर्नीची व्हँकुव्हरची फेरी मोबाइलवर दाखवली. तिने ती लक्ष देऊन पाहिली, मागे नेऊन पुन्हा पाहिली. मग विचारलं, “मॅडम, हिचा ऑपरेशनचा गुडघा कोणता?” दोघींनी मिळून बघितलं. काही केल्या ओळखता येईना. दोन्ही तुकडे सारखेच वरखाली होत होते.

आईचा एक प्रश्न मात्र अगदी रास्त होता. “त्या बर्फातल्या बायका. आपल्याकडं कुठाय बर्फ?” त्यावर मी तिला जकारा अँथनीचं सांगितलं. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकची सुवर्णविजेती, अंतिम फेरीत ८३.०९ गुण. ती ऑस्ट्रेलियाची. जन्म केर्न्सचा, म्हणजे आपल्या कोकणासारख्या दमट, उष्ण पट्ट्यातला, आणि वाढली बार्वन हेड्स नावाच्या समुद्रकाठच्या गावात. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला, जिथे बर्फ पडतच नाही, तिथे स्कीपटूंसाठी मोठा तलाव आणि त्यावर उंच रॅम्प बांधलाय. रॅम्पवर प्लास्टिकचं आच्छादन, त्यावर पाण्याचे फवारे. स्की, हेल्मेट, तरंगतं जाकीट घालून खेळाडू वरून सुटतात, हवेत कोलांटी घेतात आणि पाण्यात पडतात. खालून हवेचे बुडबुडे सोडून पाणी मऊ केलेलं असतं.

आपल्याकडे गुलमर्गला आणि औलीला उतार आहेत. गुलमर्गच्या सरकारी संस्थेत स्कीइंगचे वर्ग चालतात, महाराष्ट्रातली मुलंही तिथे जातात. शैलजा कुमार १९८८ ला कॅलगरीत स्लालममध्ये उतरली, हिवाळी ऑलिंपिक खेळलेली पहिली भारतीय स्त्री. २००६ ला नेहा आहुजा गेली. मनालीच्या आंचल ठाकूरने २०१८ मध्ये तुर्कस्तानात कांस्य मिळवलं. या तिघी अल्पाइन स्कीइंगच्या, म्हणजे दारांमधून वेगाने उतरण्याच्या. ऑलिंपिकच्या मोगल्समध्ये अजून एकही भारतीय मुलगी उतरलेली नाही. २०२६ पासून ऑलिंपिकमध्ये ड्युअल मोगल्सही आलंय, शेजारीशेजारी दोघी एकदम सुटतात आणि हरेल ती बाहेर.

मांजरीच्या मुलीला बर्फावर जायचं नाही. तिला कोपरा पकडायचाय. सध्या ती माझ्याकडे वीतभर उंचीच्या पायरीवरून उडी मारून उतरते, समोर आरसा ठेवून. मी तिच्या दोन्ही गुडघ्यांवर भगव्या टेपची एकेक पट्टी लावते, म्हणजे गुडघा आत पडला की तिचा तिलाच दिसतो. नऊ महिन्यांच्या आत मैदानात परतणाऱ्यांचं एसीएल पुन्हा फाटण्याचा धोका बराच जास्त असतो, म्हणून तोवर मॅटवर पाय ठेवायचा नाही असं ठरलंय. त्याखेरीज एका पायावरच्या उडीची चाचणी. ऑपरेशनच्या पायाची उडी चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के पडली पाहिजे. मागच्या खेपेला आईनेच टेप धरून अंतर मोजलं, ते ७८ टक्के भरलं. पुढची तारीख तिने स्वतःच मागून घेतली, दिवाळीनंतरचा पहिला सोमवार.