देर, दी, दास : जर्मन भाषेची तोंडओळख

हैदराबादेत वाढलेल्या मराठी मुलास भाषांचे भय वाटण्याचे वास्तविक काहीच कारण नाही. पहाटे दूधवाला तेलुगूत हाक मारतो, शेजारचे चाचा उर्दूत खुशाली विचारतात, शाळेत इंग्रजीचे स्पेलिंग चुकले म्हणून गुरुजी उभे करतात, आणि घरी आल्यावर आजी या सर्व प्रकारांबद्दल अस्सल मराठीत कानउघाडणी करते. चार भाषांच्या या चौरंगावर बसूनच येथला मराठी मुलगा लहानाचा मोठा होतो. असे असूनही मागे आमच्या घरात पाचव्या भाषेने पाऊल टाकले तेव्हा सगळे घर हादरले. ती भाषा म्हणजे जर्मन.

त्याचे झाले असे. आमच्या भाचीने परिचारिकेचे शिक्षण पुरे केले आणि जर्मनीतील रुग्णालयात नोकरीस जावयाचे मनात घेतले. तेथे रुग्णसेवा करावयाची तर जर्मन भाषेच्या परीक्षा द्याव्या लागतात. या परीक्षांच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत आणि परिचारिकेस सामान्यतः त्यांपैकी चौथी, म्हणजे बी-२, गाठावी लागते. आमच्या एका परिचितांनी चहा घेता घेता निकाल देऊन टाकला, "मराठी माध्यमात शिकलेली मुलगी! हिचे इंग्रजीच बेताचे, जर्मन कुठून जमणार?" चहा संपला, परिचित निघून गेले, भाची मात्र रडकुंडीस आली. तेव्हा "हा वाघ आहे तरी केवढा, ते पाहू या," असे म्हणून आम्ही स्वतःच तिचे पुस्तक हाती घेतले. वाचकहो, त्या पुस्तकात आम्हांस वाघ भेटला नाही. भेटले ते बरेचसे आपले घरचेच मांजर. त्याचीच ही हकीकत.

जर्मन भाषेची 'भयंकर' म्हणून जी ख्याती झाली, ती मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्या मंडळींनी केली. मार्क ट्वेन या अमेरिकन विनोदी लेखकाने १८८० साली जर्मन भाषेच्या भयानकपणावर एक लांबलचक निबंधच छापला. त्याची मुख्य तक्रार अशी की, या भाषेत निर्जीव वस्तूंनाही लिंग असते, आणि तेही एक-दोन नव्हे, तीन! पुल्लिंगी नामामागे 'देर', स्त्रीलिंगी नामामागे 'दी' आणि नपुंसकलिंगी नामामागे 'दास' हे शब्द उभे असतात. जेवणाच्या टेबलावरचा चमचा पुरुष, काटा स्त्री आणि सुरी नपुंसक! इंग्रजाला हे ऐकून घेरी येते. पण आपल्या स्वयंपाकघरात डोकावून पाहा. तो तवा, ती कढई आणि ते पातेले शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने नांदत नाहीत काय? आपल्या उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्यास दोनच लिंगे ठाऊक. तेलुगूत एकवचनी क्रियापदापुरते स्त्रिया आणि वस्तू एकाच पंक्तीत बसतात. या शहरात तो, ती, ते असे तीन कप्पे पाळण्यातच शिकून आलेला प्राणी म्हणजे मराठी मूल. ते मूलही पुन्हा नपुंसकलिंगीच!

यावरून आठवले. जर्मनवर हसणारे लोक एक उदाहरण हटकून देतात : मुलगी या अर्थाचा 'मेडशेन' हा शब्द नपुंसकलिंगी आहे. चमच्याला मिशा फुटतात आणि मुलीला मात्र स्त्रीत्व नाही, म्हणून ही मंडळी पोट धरून हसतात. आपण हसण्यापूर्वी जरा थांबावे. कोकणात मुलीला 'चेडू' म्हणतात, आणि 'ते चेडू'च म्हणतात. आपणही 'ते बाईमाणूस' म्हणतो. जर्मन शब्दाचे गुपित त्याच्या शेपटात आहे. 'शेन' हा प्रत्यय लहानपणा दाखवितो, आणि तो लागला की नाम नपुंसकलिंगी झालेच म्हणून समजावे. आपल्याकडे हेच काम 'रू' करतो. लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू, शिंगरू ही सगळी लहानगी मंडळी 'ते'च्या घरची. आई गाय, बाप बैल, पण बाळ मात्र 'ते वासरू'. मार्क ट्वेन मराठी शिकला असता तर त्याचे निम्मे हसू तेथेच आटले असते.

अर्थात आपली लिंगे जशीच्या तशी जर्मनमध्ये नेऊ म्हणाल तर फसाल. घर, पुस्तक आणि पाणी दोन्ही भाषांत नपुंसकलिंगी आहेत, हे पाहून आम्हांस मोठा धीर आला होता. पुढच्याच पानावर दूध स्त्रीलिंगी निघाले, झाड पुल्लिंगी निघाले आणि आकाशातील सूर्य तर चक्क बाई निघाली! चंद्र मात्र पुरुषच राहिला. तेव्हा प्रत्येक नाम त्याच्या देर, दी, दाससह पाठ करावे, याला दुसरा उपाय नाही.

आता विभक्तीकडे वळू. जर्मनमध्ये विभक्ती चार. संस्कृतमध्ये 'राम' शब्द आठ विभक्ती आणि तीन वचनांत चालवून चोवीस रूपे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला चारांचे काय कौतुक? फरक इतकाच की, मराठी नाम प्रत्ययाच्या वहाणा पायात घालते, तर जर्मन नाम बहुधा डोक्यावरचे पागोटे बदलते. घोडा, घोड्याने, घोड्याला असे आपल्याकडे नामाच्या मागे घडते. तेथे नामापुढचा 'देर' बदलून 'देन', 'देम', 'देस' होतो. चार विभक्ती आणि तीन लिंगे व अनेकवचन मिळून चार रकाने, म्हणजे सोळा खणांची पेटी झाली. तीत ठेवावयाच्या वस्तू मात्र सहाच : देर, दी, दास, देन, देम, देस. साहजिकच एकच वस्तू अनेक खणांत सापडते. पुरुषाच्या खणातला 'देर' बाईच्या षष्ठीत भेटला म्हणजे प्रथम घाबरल्यासारखे होते. पण 'स, ला, ते' घोकलेल्या डोक्याला त्याची हळूहळू सवय होते.

उच्चारांत तर हैदराबादकरांचे पारडे फारच जड आहे. जर्मनमध्ये इंग्रजी वर्णमालेतील शेवटचे अक्षर 'त्स' असे उच्चारतात. आपल्या 'चाक', 'चोर', 'चूल' यांतला च म्हणजे हाच. तेलुगूतही तो आहे. घशातून निघणारा 'ख़' जर्मनमध्ये पावलोपावली लागतो. पुस्तकाला 'बूख़' आणि आठाला 'आख़्ट' म्हणतात. आमच्या दखनी बोलीत 'क़लम'चे 'ख़लम' होते, हे सर्वांस ठाऊक आहेच. या एका सवयीबद्दल इतर उर्दू भाषक आम्हांस हसत आले आहेत. जर्मनच्या वर्गात मात्र तीच भांडवल ठरते. ओठांचा चंबू करून आतून 'ई' म्हणावयाचा एक स्वर तेवढा आरशासमोर बसून घोटावा लागतो. त्या वेळी घरात पाहुणे नसावेत.

काही शब्द आपल्या कानांना चकवितात. जर्मन मूल आईला 'मामा' म्हणते आणि 'आणि' या अर्थी 'उंट' म्हणते. त्यामुळे 'मामा उंट पापा' हे शब्द ऐकून प्राणिसंग्रहालयाची सहल निघाली असे समजू नये. आई आणि बाबा निघाले आहेत, इतकेच. इंग्रजी जाणणाऱ्यांना 'गिफ्ट' या शब्दाने सावध राहावे. जर्मनमध्ये त्याचा अर्थ विष! यजमानांच्या हाती मिठाईचा डबा देताना हा शब्द उच्चारल्यास मिठाई परत येण्याचा संभव आहे.

जर्मनच्या लांबलचक शब्दांची तर दंतकथाच झाली आहे. एका जर्मन राज्यात १९९९ साली गोमांसावरील लेबलांच्या देखरेखीचे काम सोपविण्याविषयी एक कायदा झाला. त्याचे नाव एकाच शब्दाचे आणि त्या शब्दात ६३ अक्षरे! २०१३ मध्ये तो कायदा रद्द झाला, तेव्हा हा शब्दही निवृत्त झाला. पण ज्याने समास सोडविले आहेत त्याने भिऊ नये. जर्मन शब्द शेवटून सोडवावा. शेवटचे पद मुख्य, आणि साऱ्या शब्दाचे लिंगही त्याच पदाचे. राजवाडा पुल्लिंगी, कारण वाडा पुल्लिंगी. राजकन्या स्त्रीलिंगी, कारण कन्या स्त्रीलिंगी. नेमका तोच न्याय येथे. जर्मन लोक हातमोज्यांना 'हाताचा जोडा' म्हणतात. आपण हाताला मोजे घालतो, ते जोडा घालतात, एवढाच भेद. शिंप्याच्या बोटातील टोपणाला 'बोटाची टोपी', कासवाला 'ढालवाला बेडूक'. फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने १८४० साली घडविलेला 'किंडरगार्टन' हा शब्दही 'मुलांची बाग' असा सरळ समास आहे. आपली 'बालवाडी' त्याच जातीची.

संख्यांचा प्रकार तर आम्हांस फारच आवडला. इंग्रजीत आधी वीस आणि मग पाच म्हणतात, तेलुगूतही तसेच. जर्मनमध्ये पंचविसाला 'पाच-उंट-वीस' म्हणतात. आपल्या पंचवीस शब्दातही आधी पंच, मागून वीस. दीडाला जर्मनमध्ये 'आंडर्टहाल्प' म्हणजे 'दुसरा अर्धा' असे म्हणतात. आपला दीड संस्कृत 'द्व्यर्ध' शब्दापासून आलेला, त्याचाही भाव तोच. एक पूर्ण, दुसरा अर्धा! अडीच म्हणजे 'अर्धतृतीय', आणि जुन्या जर्मनमध्ये त्यालाही 'तिसरा अर्धा' अशाच अर्थाचा शब्द होता. हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेले हे दोन चुलतभाऊ अजूनही एकाच पद्धतीने हिशेब करतात, याचे नवल वाटते. संस्कृत आणि जर्मन या एकाच भाषाकुलातील होत. नाम, त्रि, नव, मूषक, दुहिता या शब्दांचे सगेसोयरे जर्मनमध्ये सहज ओळखू येतात. फ्रान्झ बोप्प या जर्मन पंडिताने १८१६ साली संस्कृत क्रियापदांची ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मन क्रियापदांशी तुलना करून हे नाते शास्त्रशुद्ध रीतीने दाखविले.

राहता राहिले वाक्य. जर्मन गौण वाक्यात क्रियापद अगदी शेवटी येते, म्हणून इंग्रज श्वास रोखून बसतो. आपले क्रियापद तर नेहमीच शेवटी; आपण जन्मतःच धीराचे! साध्या वाक्यात मात्र नकार दाखविणारा 'निश्ट' हा शब्द पुष्कळदा शेवटी बसतो. 'तो येतो आज' इथपर्यंत ऐकून चुलीवर भात चढवावा, तो मागून 'नाही' येते. आपल्या 'तो आज येत नाही' या वाक्यातही 'नाही' शेवटीच असते. तात्पर्य, दोन्ही भाषांत समोरच्याचे बोलणे पुरते ऐकून घेतल्यावाचून स्वयंपाकाला लागू नये.

'नाही'वरून इरावतीबाई कर्वे यांची आठवण होते. १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक वंशभेदाच्या सिद्धान्ताचे पुरस्कर्ते होते. माणसाच्या कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतील फरकाचा वंशाशी संबंध असावा, अशी त्यांची समजूत होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध आढळत नाही, असे आपल्या जर्मन प्रबंधात लिहिले. परभाषेत 'होय' म्हणावयास कोणीही शिकतो. गुरूपुढे पुराव्यानिशी 'नाही' म्हणता येणे, हे भाषा आल्याचे खरे लक्षण. आमच्या शहराचाही या भाषेशी जुना संबंध आहे. सरोजिनी नायडूंचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय एडिंबरो येथील पदवीनंतर बॉन येथे शिकले होते. हैदराबादेत १८९७ साली जन्मलेले आणि पुढे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकिर हुसेन यांनी बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. तेथे असतानाच त्यांनी गालिबच्या दिवानाची सुबक आवृत्ती छापून घेतली. परभाषा शिकण्यासाठी स्वभाषा घरी ठेवून जावी लागत नाही, हे यावरून दिसेल.

आता भाचीचे काय झाले ते सांगून आटोपतो. तिने दीड वर्ष, म्हणजे 'दुसरे अर्धे' वर्ष, नेटाने अभ्यास केला. एका परीक्षेत ती एकदा नापास झाली, पुन्हा बसली आणि उत्तीर्ण झाली. आज ती जर्मनीतील एका रुग्णालयात काम करते. परवा दूरध्वनीवर सांगत होती : तेथे औषधाचे प्रमाण, नाडीचे ठोके हे सारे ऐकून लिहून घ्यावे लागते. 'चार-उंट-पन्नास' ऐकून इतर देशांतून आलेल्या तिच्या काही मैत्रिणी प्रथम चार लिहितात आणि मग घोटाळ्यात पडतात; आकडा उलटला तर रोग्याच्या जिवाशी गाठ. "मामा, मी मनात 'चौपन्न' म्हणते आणि लिहिते. माझा आकडा अजून उलटला नाही."

'मामा' ही हाक ऐकून तिची जर्मन मैत्रीण चकित झाली असेल; मुलगी आईशी बोलते आहे आणि पलीकडून आवाज मात्र पुरुषाचा! ते असो. पण मराठी शिकून पुढे उपयोग काय, असे जे पालक आम्हांस विचारतात, त्यांनी हा 'चौपन्न' लक्षात ठेवावा. मराठी व्याकरणाचे पुस्तक परीक्षा झाल्यावर रद्दीत घालू नका. लिंग, विभक्ती, समास या किल्ल्या आहेत. त्यांनी कोणते कुलूप केव्हा उघडेल, याचा नेम नाही.

जर्मन माणूस निरोप घेताना 'पुन्हा भेटेपर्यंत' अशा अर्थाचे शब्द उच्चारतो. आपल्याकडेही उंबरठ्यावर 'जातो' म्हणत नाहीत. तेव्हा वाचकहो, येतो आम्ही!