नव्या बालकाचा पहिला पंधरवडा

जूनच्या मध्यास शाळा उघडतात आणि शाळेच्या आवारातील बालवर्गात व अंगणवाडीत रडण्याचा एकच कल्लोळ सुरू होतो. शिक्षक बंधुभगिनींना तो अंगवळणी पडलेला असतो. 'रडतील चार दिवस आणि राहतील' असे म्हणून आपण पुढील कामास लागतो. चार दिवसांनी मूल रडावयाचे थांबते, हे खरे. परंतु ते रुळले म्हणून थांबले की थकले म्हणून, हे पाहणारे थोडेच. कोपऱ्यात गप्प बसणारे व खाऊला हात न लावणारे मूल रुळलेले नव्हे.

साडेतीन-चार वर्षांच्या मुलास घड्याळ कळत नाही. 'आई बारा वाजता येईल' हे वाक्य त्याच्या लेखी निरर्थक होय. दृष्टीआड झालेली आई परत येतेच, ही खात्री त्याला सांगून पटत नाही. दररोजच्या अनुभवाने ती थोडी थोडी बसते. तेव्हा त्याचे रडणे हा हट्ट नसून भय आहे.

आता आपल्याकडील सर्रास चालणारी रीत पाहा. आई मुलाला कडेवर घेऊन दारात येते. बाई मुलापुढे चेंडू धरतात, 'तो बघ कावळा' म्हणून त्याचे लक्ष वेधतात आणि आईला मागच्या मागे निघून जाण्याची खूण करतात. मूल वळून पाहते, तो आई नाही! त्या दिवशीचे दारातले रडे टळले खरे. पण दुसऱ्या दिवसापासून ते मूल चेंडूकडे पाहत नाही, पदराची मूठ सोडत नाही. लक्ष दुसरीकडे गेले की आई नाहीशी होते, हे ते शिकलेले असते. आणि त्या फसवणुकीत ज्या बाई सामील होत्या, त्यांच्यावर त्याने विश्वास का ठेवावा? पहिल्या आठवड्यात एवढी एक रीत सोडली तरी निम्मे काम झाले, असे माझे मत आहे.

याऐवजी आईने मुलाच्या डोळ्यांदेखत निरोप घ्यावा. निरोप थोडक्यात असावा. दारात घुटमळून दहादा मागे पाहणारी आई मुलाचे भय वाढवते. वेळ सांगावयाची ती मुलाला कळेल अशी सांगावी: 'खिचडी खाऊन झाली, हात धुतले, की आई येईल.' आणि मग आईने त्याच वेळी यावे. पहिले दोन-तीन दिवस तिला वर्गात बसू द्यावे, नंतर ओसरीवर, नंतर घरी. शेतीच्या ऐन पेरणीत आईला हे जमत नाही, याची मला जाणीव आहे. आजी किंवा थोरली बहीण चालेल. मात्र 'रडलास तर मास्तर मारतील' हा बागुलबुवा घरी कोणी दाखवू नये, हे पालकसभेत स्पष्ट सांगावे. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी आहे. मग धाक तरी कशाला?

मुलाशी त्याच्या घरच्या बोलीत बोलावे. अहिराणी वा वारली बोलणाऱ्या मुलाला पाणी मागता आले नाही, लघवीला जायचे सांगता आले नाही, तर ते रडण्यावाचून काय करील? असे दहा-बारा शब्द शिक्षकाने आधीच शिकून घ्यावेत. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले, तेव्हा मूल शाळेत येत नाही तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, असा मार्ग त्यांनी काढला. अंगण आपल्याला नेता येत नसेल. घरचे एखादे बस्कर किंवा चिंध्यांची बाहुली मुलाबरोबर येऊ द्यावी.

ऊसतोड कुटुंबांतील मुलांविषयी वेगळे लिहिणे भाग आहे. बीड, अहिल्यानगर यांसारख्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीनंतर आईबाप कारखान्यांकडे जातात आणि काही मुले आजी-आजोबांपाशी राहतात. जूनमध्ये छान रुळलेले असे मूल नोव्हेंबरात पुन्हा रडू लागते, तेव्हा 'आता मोठा झालास ना' असे म्हणू नये. 'आई आत्ता येईल' असेही सांगू नये, कारण ती येणार नाही. 'शाळा सुटली की आजी येईल' एवढेच सांगावे, आणि आजी वेळेवर येईल हे पाहावे. त्या मुलाचा पंधरवडा नव्याने सुरू झाला असे समजून त्याला काही दिवस आपल्या जवळच बसवावे.