मतं मुलांना, नंबर गाण्याला

८ फेब्रुवारी २००९, रविवार. त्या संध्याकाळी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत जेवणं टीव्हीसमोरच उरकली. झी मराठीवर ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ या मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेची महाअंतिम फेरी होती. आळंदीची कार्तिकी गायकवाड, अलिबागची मुग्धा वैशंपायन, लातूरचा रोहित राऊत, कोकणातला प्रथमेश लघाटे आणि आर्या आंबेकर. नागपूरकडच्यांना आर्यावर थोडा हक्क सांगता येतो. ती वाढली पुण्यात, पण जन्म नागपूरचा. जिंकली कार्तिकी.

आर्या तेव्हा चौदा वर्षांची होती. लंडनची गायिका हेलन शपिरोही १९६१ मध्ये चौदाचीच होती. त्या ऑगस्टमध्ये तिचं ‘यू डोन्ट नो’ ब्रिटनच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि तीन आठवडे तिथेच राहिलं. दोघीही घराघरांत पोहोचल्या, पण मोजमाप वेगळं. ब्रिटनमध्ये मोजली गेली एका नव्या गाण्याची विक्री. आपल्याकडे मोजले गेले एका मुलीसाठी पाठवलेले एसएमएस.

ब्रिटनमधली ही मोजणी मोठ्या थाटात सुरू झाली नव्हती. १९५२ मध्ये ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकाच्या पर्सी डिकिन्सनी वीसेक रेकॉर्ड दुकानांना फोन लावले, या आठवड्यात काय खपलं ते विचारलं, आकडे जुळवले आणि १४ नोव्हेंबरच्या अंकात यादी छापली. अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाची ‘हॉट १००’ यादी ऑगस्ट १९५८ मध्ये आली. तीत विक्रीबरोबर रेडिओही धरला जाई, पुढे इंटरनेटची जोड मिळाली. २०१३ मध्ये यूट्यूबही धरलं जाऊ लागलं. गाणं आवडलं की नाही, हा प्रश्न या हिशेबात येतच नाही. तेरा वर्षांच्या रिबेका ब्लॅकच्या ‘फ्रायडे’ची २०११ मध्ये जगभर टिंगल झाली, तरी ते ५८ व्या क्रमांकापर्यंत चढलंच.

आपल्याकडेही १९५२ मध्येच रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांची पत्रं यांवरून गाण्याचं ‘पायदान’, म्हणजे क्रमांक, ठरायचा, पण मान फक्त हिंदी चित्रपटगीतांना. मराठी गाण्याच्या वाट्याला आली आकाशवाणीची ‘आपली आवड’. पोस्टकार्ड टाकायचं आणि निवेदक घरातल्या सगळ्यांची नावं वाचतात का, याकडे कान लावायचे. तिथे गाण्याला फर्माईश असे, नंबर नसे.

उपखंडातल्या एका मुलीला मात्र स्वतःचं नवंकोरं गाणं मिळालं. पंधरा वर्षांच्या नाझिया हसनने बिड्डूच्या संगीतावर ‘कुर्बानी’साठी ‘आप जैसा कोई’ म्हटलं. चित्रपट आला १९८० मध्ये, फिल्मफेअर मिळालं पुढच्या वर्षी, आणि लगोलग ‘डिस्को दीवाने’ हा चित्रपटाबाहेरचा अल्बमही निघाला.

लिटिल चॅम्प्सचं तसं नव्हतं. भावगीत, नाट्यगीत, लावणी, गवळण, सगळं आधीच गाजलेलं. परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत दाद द्यायचे ती गळ्याला आणि तयारीला. एसएमएस नेहमीपेक्षा महाग, तरी एकाच मोबाइलवरून कितीही पाठवायची मुभा. त्यामुळे मतांत माया जितकी, तितकाच रिचार्जचा जोर. मतं मोजली जायची, गाणी नाही. त्या काळात तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळच्या मोबाइल दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं. दुकानदार संगणकावरचं एखादं फोल्डर उघडायचा, लग्नाची, गणपतीची, नवी-जुनी गाणी एकदम कॉपी करायचा. कोणतं गाणं किती कार्डांत गेलं, याची नोंद कुठल्याच वहीत होत नसे.

आता नोंद आपोआप होते. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की ते एकदा ऐकलं असं धरतात. २०२२ च्या फेब्रुवारीत ‘बिलबोर्ड’ने भारतासाठी २५ गाण्यांची यादी सुरू केली. तीत हिंदी, पंजाबी, तमीळ, मराठी सगळी एकाच रांगेत. २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ कुठल्याही चित्रपटाविना, रील्सवर स्वार होऊन देशभर वाजलं. संजू मात्र विशीतला. मराठीतल्या किशोरवयीन गायकांचा राबता अजूनही स्पर्धांच्या मंचावरच जास्त आहे, आणि तिथे पहिल्या फेरीला लागतं ते दुसऱ्या कुणाचं तरी जुनं गाणं.